पान, मधला करडा आणि ग्रेन: कृष्णधवल फिल्मवर पानांचे फोटो

कृष्णधवल फिल्मवर पानांचे फोटो काढायला लागलं की दोन तक्रारी हमखास येतात. झाडावर टवटवीत दिसलेलं पान प्रिंटमध्ये काळवंडलेलं येतं, आणि पानाच्या सपाट भागावर किंवा मागच्या धूसर पार्श्वभूमीवर ग्रेन, म्हणजे फिल्मचा दाणेदारपणा, नको तितका उठून दिसतो. यावर पहिला सल्ला मिळतो तो डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा उमटवणारं रसायन, बदलण्याचा. डेव्हलपरने फरक पडतो, नाही असं नाही. पण ग्रेन किती दिसणार हे बरंचसं शटर दाबायच्या आधीच ठरून जातं. पान निगेटिव्हवर केवढं आलंय, त्याचा टोन कुठे बसवलाय आणि त्याच्या मागे काय आहे, या तीन गोष्टींवर ते ठरतं. म्हणून हा लेख डार्करूमपेक्षा पानाजवळ जास्त रेंगाळणार आहे.

ग्रेन नेमका दिसतो कुठे

फिल्मच्या इमल्शनमध्ये (प्रकाशसंवेदी थरात) सिल्व्हर हॅलाइडचे स्फटिक असतात. ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडला, त्यांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. हे सुटे कण इतके बारीक असतात की ते एकेकटे दिसत नाहीत. आपल्याला दिसतात ते एकमेकांवर आलेल्या कणांचे पुंजके आणि त्यांच्यामधल्या फटी.

निगेटिव्हचा जो भाग जवळजवळ कोरा आहे तिथे चांदीच नसते, त्यामुळे प्रिंटमधल्या गडद काळ्यात ग्रेन शोधून सापडत नाही. प्रिंटमधल्या अगदी पांढऱ्या भागात कागदावर टोनच उमटलेला नसतो, तिथेही तो लपतो. उरतो मधला करडा. ग्रेन उघडा पडतो तो इथे.

आणि पान नेमकं तिथेच येऊन बसतं. क्लोरोफिल निळा आणि लाल प्रकाश शोषून घेतं, हिरव्यातला थोडासा परत पाठवतं. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, म्हणून पान आपल्याला उजळ वाटतं. फिल्मला हिरव्याचा तसा लळा नसतो. तिच्या लेखी ते मध्यम करडं किंवा त्याहून थोडं काळपट असतं.

यात भर पोताची. बारीक शिरा, लव, किडीने पाडलेली भोकं असलेल्या भागात ग्रेन हरवून जातो, कारण नजरेला धरायला दुसरं काहीतरी असतं. फोकसबाहेरच्या एकसारख्या करड्या पार्श्वभूमीत मात्र तसं काहीच नसतं. पानांच्या फोटोत खटकणारा ग्रेन बहुतेक वेळा पानावरचा नसतोच, पानामागचा असतो. एखादी जुनी प्रिंट काढून बघा.

फिल्म निवडण्याआधी वारा बघा

बारीक ग्रेन हवा तर मंद, म्हणजे आयएसओचा आकडा लहान असलेली, प्रकाशाला कमी संवेदनशील फिल्म: इलफर्ड पॅन एफ प्लस ५०, एफपी४ प्लस १२५, डेल्टा १०० किंवा कोडॅक टी-मॅक्स १००. हे सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण अशी की सावलीतल्या पानासाठी आयएसओ १०० ला एफ/८ अ‍ॅपर्चरवर शटर सहज १/१५ सेकंदापर्यंत खाली येतं, आणि पान डुलत असतं. बारीक ग्रेनची हललेली शीर कोणाच्या कामाची? डुलत्या पानाला १/१२५ तरी लागतं, आणि जवळून काढत असाल तर तेही कधी कधी कमी पडतं. म्हणजे फिल्म कोणती हे ग्रेनच्या आवडीनिवडीवरून ठरवण्याआधी वाऱ्यावरून ठरतं.

वारा असेल तर ४०० ची फिल्म सरळ घाला आणि बाकीच्या मार्गांनी ग्रेन आवरा. वारा नसेल, पहाट असेल किंवा पान तोडून खिडकीजवळ आणलं असेल, तर मंद फिल्म, ट्रायपॉड आणि केबल रिलीज. तोडलेलं पान लवकर मलूल होतं, कडा आधी वळतात. देठ पाण्यात बुडवून ठेवा आणि कॅमेरा आधी मांडून मगच पान तोडा.

टी-मॅक्स आणि डेल्टा या चपट्या स्फटिकांच्या फिल्म. त्याच वेगाच्या जुन्या घडणीच्या फिल्मपेक्षा त्यांचा ग्रेन बारीक असतो. टी-मॅक्स ४०० आणि ट्राय-एक्स ४०० शेजारी ठेवल्या तर फरक लगेच कळतो. मात्र डेव्हलपिंगची वेळ किंवा तापमान चुकलं तर या फिल्म एफपी४ किंवा ट्राय-एक्ससारख्या सांभाळून घेत नाहीत. नवीन असाल तर एफपी४ ने सुरुवात करा, असंच मी सांगेन. डेल्टा ३२०० बद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या: तिचा मोजलेला वेग आयएसओ १००० आहे, ३२०० हा पुश करून, म्हणजे प्रकाश कमी देऊन जास्त वेळ डेव्हलप करून, वापरायचा आकडा आहे. ग्रेन मुद्दाम हवा असेल तेव्हाच तिच्याकडे वळा.

किती मोठं करणार आहात

३५ मिमीच्या फ्रेमपासून ८×१० इंची प्रिंट काढायची तर साधारण आठपट मोठं करावं लागतं. तीच प्रिंट ६×६ सेमीच्या निगेटिव्हपासून काढली तर साडेचारपट पुरते. ग्रेनवर याहून मोठा परिणाम करणारी दुसरी गोष्ट नाही. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन यांनी १९३१ साली कोबीच्या पानाचा प्रसिद्ध फोटो काढला तो ८×१० इंची कॅमेऱ्याने, आणि त्यांची रीत कॉन्टॅक्ट प्रिंटची. निगेटिव्ह कागदाला टेकवून प्रिंट केली तर ग्रेनचा प्रश्नच उद्भवत नाही.

कॅमेरा बदलणं प्रत्येकाला जमणारं नाही, पण फ्रेम भरणं जमतं. पान फ्रेमच्या अर्ध्या रुंदीत काढून नंतर कापून घेतलं, तर मोठं करण्याचं प्रमाण दुप्पट होतं. म्हणजे ३५ मिमीवर आठपटीचं सोळापट. पानाजवळ सरका, मॅक्रो लेन्स किंवा एक्स्टेन्शन ट्यूब लावा.

जवळ गेल्यावर दोन हिशेब करावे लागतात. पहिला प्रकाशाचा. लेन्स फिल्मपासून जितकी पुढे जाते तितका प्रकाश कमी पोचतो. निगेटिव्हवर पान प्रत्यक्षाच्या अर्ध्या आकाराचं येत असेल तर एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) किंचित जास्त, आणि प्रत्यक्षाएवढंच येत असेल तर पूर्ण दोन स्टॉप वाढवा. कॅमेऱ्यातला मीटर लेन्समधून मोजत असल्यामुळे हे आपोआप धरतो. हातातल्या मीटरला यातलं काही ठाऊक नसतं.

दुसरा हिशेब अ‍ॅपर्चरचा. जवळून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, काही मिलिमीटर उरते, म्हणून हात एफ/२२ कडे जातो. पण प्रत्यक्ष आकाराला एफ/२२ चं काम एफ/४४ सारखं होतं आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) शिरा मऊ पडतात. मग ग्रेन तीक्ष्ण आणि पान मऊ, असा सर्वांत वाईट संयोग हाती येतो. एफ/८ किंवा एफ/११ वर थांबा आणि फिल्मचं प्रतल पानाला समांतर करा. व्ह्यूफाइंडरमध्ये पानाचं टोक, देठ आणि दोन्ही कडा एकेक करून तपासा. चारही एकाच वेळी फोकसमध्ये येत नसतील तर ट्रायपॉडचं डोकं अंशाअंशाने झुकवत जा.

एक्स्पोझर एका सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्म सुस्तावते. एफपी४ साठी मीटरने ४ सेकंद सांगितले तर ६ द्या, १० सांगितले तर १८. एचपी५ या इलफर्डच्या ४०० च्या फिल्मला १० च्या जागी २० लागतात.

उजेड आणि फिल्टर: टोन वेगळे करण्याचं काम इथेच उरका

पानांवर पानं असलेल्या फ्रेममध्ये सगळं एकाच करड्यात मिसळून जातं. अशी निगेटिव्ह सपाट असते. ती उठावदार करायला डार्करूममध्ये चार किंवा पाच ग्रेडचा फिल्टर लावावा लागतो (ग्रेडचा आकडा जितका मोठा तितका प्रिंटचा कॉन्ट्रास्ट जास्त), आणि कॉन्ट्रास्टबरोबर ग्रेनही तेवढाच ताणला जातो. पानांच्या फोटोतला निम्मा त्रास याच वाटेने येतो, असं माझं मत आहे. टोनमधला फरक निगेटिव्हवरच उतरला असेल तर दोन नंबरच्या ग्रेडवर भागतं आणि ग्रेन गप्प बसतो.

त्यासाठी आधी उजेडाची दिशा. बाजूने येणारा उजेड शिरांच्या एका अंगाला सावली देतो, पोत उभा राहतो. पाठीमागून येणारा उजेड पानातून आरपार येतो. कोवळी पालवी अशा वेळी उजळते आणि शिरांचं जाळं गडद दिसतं. भर दुपारचं डोक्यावरचं ऊन टाळा. गुळगुळीत पानं त्यात आरशासारखी चमकतात आणि खालच्या सावल्या काळ्याभोर होतात. ढगाळ उजेड जून, लवदार पानांना चांगला, पण त्यात फिल्टर जवळपास लागतोच.

पिवळा फिल्टर एक स्टॉप घेतो आणि पानं किंचित उजळतो. पिवळट-हिरवा सुमारे दोन स्टॉप घेतो, आणि पानांसाठी एकच फिल्टर घ्यायचा असेल तर तो हाच. जून गडद पान आणि कोवळं पोपटी पान यांच्यातलं अंतर तो स्पष्ट वाढवतो. गडद हिरवा आणखी पुढे जातो, पण जवळजवळ तीन स्टॉप खातो. लाल फिल्टरही तीन स्टॉपचा. त्याने हिरवी पानं काळवंडतात, पिकलेली लाल-तांबूस पानं मात्र उजळून निघतात. हिरव्या फिल्टरने याच्या बरोबर उलट होतं. अर्धं हिरवं अर्धं लाल पान सापडलं तर दोन्ही फिल्टरने एकेक फ्रेम काढा, दोन वेगळी पानं असल्यासारखी दिसतील.

मीटरचं वाचन फिल्टर न लावता घ्या आणि स्टॉप हाताने वाढवा. गडद फिल्टरमधून मोजताना काही मीटर फसतात.

पोलरायझर हा पानांसाठी सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत कामाचा फिल्टर. पानावरच्या मेणचट थरावरून आकाशाची पांढरट चमक परत येते आणि खालचा टोन झाकून टाकते. पोलरायझर फिरवला की ती विरते. पानाच्या पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून पाहत असाल तेव्हा परिणाम सर्वांत जास्त. दीड ते दोन स्टॉप जातात. चमक पूर्ण घालवू नका, थोडी राहू द्या, नाहीतर पान कागदी दिसतं.

इन्फ्रारेडचा मार्गही आहे. पानं ७०० नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश जोरात परावर्तित करतात, म्हणून इलफर्ड एसएफएक्स २०० वर गडद लाल किंवा इन्फ्रारेड फिल्टर लावला तर ती पांढरीशुभ्र येतात. पण तो वेगळाच खेळ आहे, एका लेखात दोन्ही मावायचे नाहीत.

मीटर आणि पार्श्वभूमी

मीटर ज्याच्याकडे रोखाल त्याला तो मध्यम करडं करतो. त्यामुळे पानाचा टोन कुठे बसवायचा हे तुम्ही ठरवा. छायाचित्रकार अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास बांधलेली झोन सिस्टिम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या टोनचे एकेक स्टॉपचे टप्पे) इथे उपयोगी पडते, आणि पानासाठी तिचा एक तुकडा पुरतो. चमक टाळून पानाच्या सपाट भागाचं वाचन घ्या. तेच एक्स्पोझर दिलं तर पान पाचव्या झोनमध्ये, म्हणजे ऐन मधल्या करड्यात बसेल. जून, गडद पान एक स्टॉप कमी देऊन चौथ्यात बसवा. उजेड आरपार येत असलेली पालवी एक स्टॉप जास्त देऊन सहाव्यात.

मग मागची जागा मोजा. पार्श्वभूमी पानापेक्षा चार स्टॉप खाली असेल आणि पान पाचव्या झोनमध्ये असेल, तर ती पहिल्या झोनमध्ये पडते, म्हणजे निगेटिव्ह तिथे जवळजवळ कोरी राहते. प्रिंटमध्ये गुळगुळीत काळं, ग्रेनचा मागमूस नाही. फरक एक-दोन स्टॉपचाच असेल तर तिथे तीच धूसर करडी चादर येणार. अशा वेळी दोन पावलं बाजूला सरका म्हणजे पानामागे झाडाची सावली येईल. नाहीतर पानामागे हातभर अंतरावर काळं मखमली कापड धरा, फक्त त्यावर ऊन पडू देऊ नका. एचपी५ वर असा काढलेला फोटो पुष्कळदा करड्या पार्श्वभूमीच्या एफपी४ पेक्षा स्वच्छ वाटतो.

करडी पार्श्वभूमी हवीच असेल तर ती अगदी विरघळवू नका. थोडी फांद्यांची रेघ, थोडे कवडसे राहू द्या.

कमी एक्स्पोझर ग्रेनला फार महागात पडतं. दोन स्टॉप कमी पडलेलं पान निगेटिव्हच्या तळाशी जातं आणि त्याला वर ओढताना प्रिंट खरखरीत होते. अर्धा स्टॉप जास्त गेला तर काही बिघडत नाही. मात्र चांदीच्या नेहमीच्या फिल्मवर दोन-तीन स्टॉप जास्त देणं हा उपाय नव्हे, निगेटिव्ह जाड होते आणि उजळ भागातला ग्रेन वाढतो. इलफर्ड एक्सपी२ याला अपवाद. तिच्यात शेवटी चांदी उरत नाही, रंगद्रव्याचे ढग उरतात, आणि जास्त एक्स्पोझर दिल्यावर ती उलट जास्त गुळगुळीत होते. ती रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलप होते, घरच्या कृष्णधवल रसायनांत नाही.

डेव्हलपिंग

आयडी-११ आणि डी-७६ जवळपास एकच डेव्हलपर आहेत. डी-७६ च्या लिटरभर द्रावणात १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. ते चांदीच्या कणांच्या कडा किंचित विरघळवतं, त्यामुळे ग्रेन मऊ होतो. द्रावण जसं आहे तसंच वापरलं तर हा परिणाम पूर्ण मिळतो. १+१ (एक भाग द्रावण, एक भाग पाणी) केल्यावर तो कमी होतो, ग्रेन थोडा कडक होतो आणि कडा धारदार येतात. १+३ वर आणखी. शिरांसाठी मी १+१ घेईन. २० अंश सेल्सिअसला एफपी४ ला ११ मिनिटं, एचपी५ ला १३. मूळ द्रावणात एफपी४ ला साडेआठ आणि एचपी५ ला साडेसात.

परसेप्टॉलसारखे बारीक ग्रेनचे डेव्हलपर फिल्मचा थोडा वेग खातात, म्हणजे एक्स्पोझर आधीच वाढवावं लागतं. जलद फिल्म अशा डेव्हलपरमध्ये मऊ करण्यापेक्षा मंद फिल्म साध्या डेव्हलपरमध्ये करणं बरं. पहिल्या मार्गाने पानाची धार जाते. एक्सटॉलमध्ये वेग न गमावता ग्रेन आवरता येतो. रॉडिनल १८९१ पासून चालत आलेला डेव्हलपर, त्यात विरघळवणारं काही नसतं. १+५० वर पॅन एफची निगेटिव्ह धारदार आणि देखणी येते. ३५ मिमीच्या एचपी५ ला त्यात घातलं तर ग्रेन मोजता येईल असा उठतो. वाळलेली, जाळी पडलेली पानं असतील तर मला तो आवडतो, कोवळ्या पानांवर नाही.

क्रम नेहमीचाच. टाकीत डेव्हलपर ओतल्यावर पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटी-सुलटी करा, टाकी टेबलावर हलकेच आपटून बुडबुडे सोडवा, आणि पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच चार वेळा. मग स्टॉप बाथ, फिक्सर, धुणं. एकसारखं हलवणं महत्त्वाचं. जास्त जोरात किंवा सतत हलवलं तर कॉन्ट्रास्ट चढतो आणि त्यामागून ग्रेन.

तापमानाकडे लोक डेव्हलपरपुरतंच बघतात. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणीसुद्धा एक-दोन अंशांच्या आत ठेवा. कोमट डेव्हलपरमधून फिल्म एकदम गार पाण्यात गेली तर जिलेटिन आक्रसतं आणि इमल्शनला सुरकुत्या पडतात. पाणी २४ अंशांच्या खाली येतच नसेल तर २४ लाच डेव्हलप करा, वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी करा आणि बाकी सगळंही २४ लाच ठेवा.

पुश करून सावलीतला तपशील मिळत नाही. जो प्रकाश फिल्मवर पडलाच नाही तो डेव्हलपर कुठून आणणार? वाढतो तो कॉन्ट्रास्ट आणि ग्रेन.

प्रिंट आणि स्कॅन

एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर टाकणारं यंत्र) ग्रेन फोकसर (ग्रेन मोठा करून दाखवणारं भिंग) वापरा आणि ग्रेनवरच फोकस करा. ऐकायला उलटं वाटतं, पण मऊ फोकसने ग्रेन जात नाही, फक्त पान जातं. एकवटलेला उजेड टाकणाऱ्या कंडेन्सर हेडपेक्षा पसरलेला उजेड टाकणाऱ्या डिफ्यूजन हेडमध्ये ग्रेन आणि ओरखडे दोन्ही कमी दिसतात. चकचकीत कागद ग्रेन दाखवतो, मॅट कागद थोडा झाकतो. दोन नंबरच्या ग्रेडने टेस्ट स्ट्रिप सुरू करा. पानाचा टोन नीट बसल्यावरही प्रिंट फिकी वाटली तरच अर्धी ग्रेड वर जा.

स्कॅन करत असाल तर स्कॅनरचं शार्पनिंग बंद करा. ते शिरेला आणि ग्रेनला सारखंच धार लावतं. फाइल १६ बिटमध्ये घ्या आणि धार शेवटी, प्रिंटच्या आकाराला आणल्यावर, थोडीशीच द्या. नॉइज काढणारी साधनं पानावर वापरली की लव आणि बारीक शिरा पुसल्या जातात. फार खटकत असेल तर फक्त पार्श्वभूमी निवडून तेवढ्यावरच वापरा.

पहिला रोल असा काढा

एक पान निवडा, पोत असलेलं आणि सहज हलणार नाही असं. ट्रायपॉड हलवू नका. करड्या पार्श्वभूमीवर मीटरप्रमाणे एक फ्रेम, एक स्टॉप कमी, एक स्टॉप जास्त. मग पिवळट-हिरवा फिल्टर लावून त्याच तीन. आता मागे काळं कापड धरून या सहाही पुन्हा. वहीत फ्रेमचा आकडा, अ‍ॅपर्चर, शटर, फिल्टर आणि पार्श्वभूमीचं वाचन लिहा. उरलेल्या रोलवर तेच पान लांबून काढा, म्हणजे कापून मोठं करण्याचा परिणामही कळेल.

कॉन्टॅक्ट शीटवर ग्रेन दिसणार नाही, तिथे फक्त टोन ताडून बघा. ग्रेनसाठी एन्लार्जरचं हेड ८×१० इंची प्रिंटच्या उंचीवर न्या, पण पूर्ण कागद खर्च करू नका. पानाची कड आणि पार्श्वभूमी दोन्ही येतील असा पोस्टकार्डाएवढा तुकडा ठेवून प्रत्येक फ्रेमची प्रिंट काढा. मागच्या बाजूला पेन्सिलने फ्रेमचा आकडा टाका, आणि तुकडे सुकल्यावर टेबलावर ओळीने मांडून हातभर अंतरावरून बघा. भिंगाने नको.